डिशचा सेट टॉप बॉक्स दुसऱ्या खोलीत हलवताना

इंदूरमधल्या मराठी घरांत टीव्ही कायमचा एकाच भिंतीवर राहतो, असे क्वचितच होते. वरचा मजला बांधला जातो, मुलाच्या लग्नानंतर खोल्यांची वाटणी बदलते, आजोबांना जिना चढवेनासा झाला की त्यांचा पलंग तळमजल्यावर येतो आणि त्यांच्याबरोबर सह्याद्री वाहिनीही खाली आणावी लागते. अशा वेळी पुष्कळ घरांत एक तर गच्चीवरची छत्रीच उचलून नव्या खोलीच्या डोक्यावर नेली जाते, किंवा जुन्या वायरीला दुसऱ्या वायरीचा तुकडा पीळ देऊन जोडला जातो आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळून काम भागवले जाते. हे दोन्ही मार्ग टाळावेत, असे माझे ठाम मत आहे. छत्री आहे तिथेच राहू द्यावी, फक्त बॉक्स हलवावा आणि छत्रीपासून बॉक्सपर्यंत शक्यतो एकच, मध्ये कुठेही न तोडलेली वायर टाकावी.

छत्रीला हात का लावू नये

डिश सेवांचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात आणि पृथ्वीच्या फिरण्याशी त्यांची गती जुळलेली असल्यामुळे आपल्याला ते आकाशात एकाच जागी स्थिर भासतात. इंदूर साधारण २२.७ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७५.९ अंश पूर्व रेखांशावर आहे. येथून पाहिले असता डीडी फ्री डिशच्या वाहिन्या ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येतात तो, ९३.५ अंश पूर्वेचा, उपग्रह उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजल्यास सुमारे १४० अंशांवर, म्हणजे जवळजवळ नेमका आग्नेयेला आणि क्षितिजापासून सुमारे ५७ अंश उंचीवर असतो. टाटा प्लेचा ८३ अंश पूर्वेचा उपग्रह त्याहून दक्षिणेकडे, सुमारे १६२ अंशांवर आणि ६२ अंश उंचीवर येतो, तर एअरटेलचा १०८.२ अंश पूर्वेचा उपग्रह पूर्वेकडे झुकलेला, सुमारे १२१ अंशांवर आणि ४५ अंश उंचीवर सापडतो.

घरगुती छत्री साधारणपणे ६० सेंटीमीटर व्यासाची असते आणि तिची नजर अतिशय अरुंद असते: सगळी मिळून तीन अंशांच्या आसपास. छत्रीची कड मूळ जागेवरून एक सेंटीमीटर सरकली, तरी तिची दिशा जवळजवळ दोन अंशांनी बदलते. खांबाचा नट सैल करून छत्री दुसऱ्या कठड्यावर लावली, तर ती पुन्हा त्याच बिंदूवर आणणे हे अंदाजाचे काम राहत नाही. त्यासाठी सिग्नल मीटर हवे, किंवा निदान एक माणूस छतावर आणि दुसरा टीव्हीपुढे असा बराच वेळ द्यावा लागतो. त्याउलट, नवी वायर टाकणे हे मोजून, समजून आणि शांतपणे करता येण्यासारखे काम आहे.

काही सोडवण्यापूर्वी

जुन्या जागी सगळे नीट चालू असतानाच बॉक्सच्या मेनूतील सेटिंग्जमध्ये जाऊन सिग्नलचे पान उघडावे. तेथे दोन पट्ट्या दिसतात, एक सिग्नलच्या ताकदीची आणि दुसरी दर्जाची. दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवावेत. नव्या जागी काम झाल्यावर तुलनेसाठी हाती काहीच नसेल, तर नवी वायर चांगली की वाईट हे ठरवता येत नाही. त्यातही दर्जाच्या आकड्याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण ताकदीच्या पट्टीत उपयोगी सिग्नलबरोबर नुसता गोंगाटही मोजला जातो. चित्र तुटणार की टिकणार हे दर्जा सांगतो. फ्री डिशचा बॉक्स असेल, तर त्याच मेनूतील उपग्रहाचे नाव, एलएनबीचा (छत्रीपुढच्या सिग्नल घेणाऱ्या डबीचा) प्रकार आणि त्यापुढील आकडे, उदाहरणार्थ ९७५० आणि १०६००, यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. बॉक्सच्या मागच्या बाजूचा, कोणती वायर कोठे लागली आहे हे स्पष्ट दिसेल असा फोटोही काढावा.

त्यानंतर नव्या खोलीतल्या टीव्हीची पाठ पाहावी. तेथे एचडीएमआयची जागा आहे की फक्त पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पिनांची, हे आधीच पाहणे महत्त्वाचे आहे. बॉक्स मोठ्या टीव्हीसाठी १०८० रेषांवर (मेनूतील रिझोल्यूशन) लावलेला असेल आणि नव्या खोलीतला टीव्ही जुना असेल, तर पडदा कोरा राहू शकतो आणि दोष विनाकारण वायरीला दिला जातो. म्हणून बॉक्स सोडवण्यापूर्वी, चित्र दिसत असतानाच, त्याची रेषासंख्या नव्या टीव्हीला झेपेल इतकी खाली आणून ठेवावी.

शेवटी गच्चीवर जाऊन एलएनबी, म्हणजे छत्रीच्या दांड्याच्या टोकावर बसवलेली ती छोटी डबी, नीट पाहावी. तिच्या खाली वायर लावण्याची एकच जागा आहे, की दोन आहेत? दोन असतील आणि एक मोकळी असेल, तर पुढे दुसऱ्या टीव्हीचा विचार करताना त्याचा फार उपयोग होतो. जुन्या वाड्यांच्या आणि बैठ्या घरांच्या गच्चीला पुष्कळदा कठडा नसतो. छतावर एकट्याने काम करू नये, ओल्या फरशीवर चढू नये आणि विजेच्या तारा छताजवळून जात असतील, तर लोखंडी पाइप किंवा शिडी त्या बाजूला नेऊ नये.

वायर कोणती आणि किती

छत्रीकडून येणारी वायर ही आरजी-६ या प्रकारची, ७५ ओहमची कोअॅक्सियल वायर असते. मध्ये एक तार, तिच्याभोवती पांढरा फोम, त्यावर पन्नी, पन्नीवर बारीक तारांची जाळी आणि सर्वांत बाहेर काळे किंवा पांढरे आवरण अशी तिची रचना असते. एलएनबी उपग्रहाकडून आलेल्या सुमारे ११ गिगाहर्ट्झच्या लहरी खाली उतरवून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आणतो आणि तोच सिग्नल वायरीतून खाली येतो. आरजी-६ वायरीत या पट्ट्याच्या वरच्या टोकाला दर १०० मीटरला सुमारे ३० डेसिबल सिग्नल विरतो, म्हणजे दर १० मीटरला त्याची शक्ती निम्मी होत जाते. हे ऐकून घाबरण्याचे कारण नाही, कारण एलएनबी मुळातच सिग्नल लाखो पटींनी वाढवून देतो. २५ ते ३० मीटरपर्यंतची चांगली वायर कोणताही धडधाकट बॉक्स सहज सांभाळतो. तिमजली घराच्या गच्चीपासून तळमजल्याच्या मागच्या खोलीपर्यंतचे अंतर बहुधा याच्या आत बसते.

अंतर मोजताना दोरी टाकून मोजावे आणि त्यात वळणांसाठी व दोन्ही टोकांसाठी दोन ते तीन मीटर वाढवावेत. जास्तीचा वीस मीटरचा वेटोळा टीव्हीमागे ठेवून देणे मात्र चुकीचे आहे. सिग्नल विरण्याच्या हिशेबात ती वायरही मोजली जाते.

खरेदी महाराणी रोडवरच्या विजेच्या सामानाच्या दुकानांतून होवो किंवा गल्लीतल्या दुकानातून, खिशात एक लहानसे लोहचुंबक ठेवावे. स्वस्त वायरीत मधली तार पोलादाची असते आणि तिच्यावर तांब्याचा फक्त मुलामा असतो, ती चुंबकाला चिकटते. शुद्ध तांब्याची तार चिकटत नाही. मुलाम्याची वायर अगदी टाकाऊ असते असे नाही, कारण उच्च वारंवारतेचा सिग्नल तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो आणि कमी अंतरासाठी ती पुरते. परंतु बॉक्स याच वायरीतून एलएनबीला वीजही पाठवत असतो आणि ती वीज तारेच्या संपूर्ण जाडीतून वाहते. त्यामुळे अंतर २० मीटरच्या पुढे जात असेल, तर तांब्याच्या तारेसाठी थोडे अधिक पैसे द्यावेत. जाळी विरळ आहे की दाट हेही टोक सोलून पाहावे. ज्या जाळीतून पन्नी ठळकपणे दिसते ती वायर घेऊ नये. गच्चीवरून उघड्यावर जाणाऱ्या भागासाठी काळ्या आवरणाची वायर बरी, कारण इंदूरच्या मे महिन्याच्या उन्हात पांढरे, हलके आवरण लवकर तडकते.

जुनी वायर चांगल्या स्थितीत असेल आणि फक्त पाच-सहा मीटरच कमी पडत असतील, तर जोड देणे समजण्यासारखे आहे. पण तो पीळ देऊन कधीही देऊ नये. पीळ दिलेल्या जागी जाळीचे कवच तुटते, सिग्नलचा काही भाग तेथूनच मागे परततो आणि पहिल्या पावसात पाणी आत शिरते. दोन्ही टोकांना एफ कनेक्टर, म्हणजे वायरीच्या टोकावर बसणारे पेचाचे धातूचे टोपण, बसवून मध्ये दोन्ही बाजूंनी पेच असलेला जॉइंटर लावावा, आणि हा जोड घराच्या आत, कोरड्या जागी येईल असे पाहावे.

वायरीचा मार्ग

नव्या घरांत भिंतीतून गेलेला पाइप असतो आणि त्यातून वायर ओढण्याचा मोह होतो. तो पाइप २३० व्होल्टच्या तारांचा असेल, तर त्यातून ही वायर अजिबात ओढू नये. आवरण कोठे घासले, तर बॉक्सच्या धातूच्या अंगावर वीज येऊ शकते. टेलिफोनच्या किंवा केबलच्या जुन्या वायरीचा वेगळा पाइप मोकळा असेल, तर मात्र तो उत्तम मार्ग आहे. जुन्या वायरीच्या टोकाला नवी वायर घट्ट बांधून एकाने वरून हळूहळू सोडावी आणि दुसऱ्याने खालून ओढावी.

राजवाड्याच्या आसपासच्या किंवा जुनी इंदूरच्या जाड भिंतींच्या घरांत नवे भोक पाडण्यापेक्षा खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यातून वायर आणणे शहाणपणाचे असते. खिडकीच्या झडपेखाली ती चेपली जाणार नाही याची मात्र खात्री करावी, कारण चेपलेल्या जागी मधला फोम दबतो आणि वायर दिसायला अखंड राहूनही निकामी होते. भोक पाडावेच लागले, तर ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरते पाडावे. वायर भोकात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकून पडते, घरात येत नाही. काम पूर्ण झाल्यावर बाहेरचे तोंड सिलिकॉनने बंद करावे.

वळणे गोल ठेवावीत. हाताची मूठ मावेल इतका घेर प्रत्येक वळणाला असला, की चिंता नाही. काटकोनात दुमडून कोपऱ्याला खिळा ठोकू नये. क्लिप लावताना ती वायरीला धरून ठेवेल इतकीच घट्ट करावी.

कनेक्टर बसवणे

या सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा. नव्या जागी चित्र न येण्याच्या किंवा अडखळत येण्याच्या तक्रारींचे मूळ छत्रीत नव्हे, तर बहुधा या बोटभर जागेत असते.

सर्वांत आधी बॉक्सचा प्लग भिंतीतून काढावा. रिमोटने बंद करणे पुरेसे नाही. बॉक्स चालू असताना वायरीच्या मधल्या तारेवर १३ किंवा १८ व्होल्ट असतात आणि सोलताना ती तार जाळीला टेकली, तर बॉक्समधला ही वीज पुरवणारा भाग जळू शकतो. याच वीजदाबावरून एलएनबीला कोणत्या ध्रुवणाच्या, म्हणजे उभ्या की आडव्या, लहरी घ्यायच्या हे कळते, आणि सोबत जाणाऱ्या २२ किलोहर्ट्झच्या स्वरावरून वारंवारतेचा खालचा पट्टा की वरचा हे कळते. ही वायर एकाच वेळी तीन कामे करत असते, म्हणूनच तिच्या टोकांची इतकी काळजी घ्यावी लागते.

टोकापासून सुमारे सव्वा सेंटीमीटरवर बाहेरच्या आवरणाला धारदार पात्याने गोल, हलका छेद द्यावा. पाते जाळीपर्यंत पोहोचावे, तिला कापू नये. आवरण ओढून काढल्यावर जाळीच्या तारा उलट्या वळवून मागच्या आवरणावर सगळीकडे सारख्या पसरवाव्यात. त्यानंतर टोकाचे सहा-सात मिलिमीटर पन्नी आणि फोम कापून मधली तार उघडी करावी. तारेवर पात्याचा ओरखडा येऊ देऊ नये. ओरखड्याच्या जागी ती वाकवताच तुटते. फोमवर चिकटलेली पन्नी मात्र काढायची नाही, ती कनेक्टरच्या आत फोमबरोबरच जायला हवी. आता उजेडात धरून टोक नीट पाहावे: जाळीचा केसाएवढा एखादा तंतू जरी मधल्या तारेला लागलेला असेल, तरी वीज तेथेच लघुपथाने (शॉर्ट होऊन) परत जाते आणि बॉक्स सिग्नल नाही असे सांगतो.

कनेक्टर तीन प्रकारचे मिळतात. पिरगाळून बसवण्याचा कनेक्टर हाताने लागतो आणि घरातल्या कोरड्या टोकाला चालतो. पकडीने दाबण्याचा त्याहून बरा. विशेष अवजाराने दाबून बसवण्याचा कॉम्प्रेशन कनेक्टर सर्वांत चांगला असतो आणि एलएनबीकडच्या, उघड्यावरच्या टोकाला तोच लावावा, असा माझा आग्रह आहे. अवजार विकत घेण्याऐवजी परिसरातल्या केबलवाल्याकडून ते एक टोक बसवून घेतले तरी चालेल. कनेक्टर वायरीवर इतका आत सरकवावा, की पांढरा फोम त्याच्या आतल्या तळाशी समपातळीत दिसेल. मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर एक ते दोन मिलिमीटरच राहू द्यावी. ती आखूड असेल तर संपर्क होत नाही, फार लांब असेल तर बॉक्सच्या आतली पकड सैल करते.

एलएनबीला लावताना पेच हाताने घट्ट करून पान्याने अगदी थोडा, पाव फेऱ्याहूनही कमी, फिरवावा. हे करताना एका हाताने एलएनबी स्थिर धरावा, म्हणजे तो आपल्या पकडीत फिरणार नाही; त्याचा कोन बदलला, की उभ्या आणि आडव्या लहरींची सरमिसळ होते. कनेक्टरवर रबरी टोपी असेल तर ती सरकवावी, नसेल तर स्वतःलाच चिकटणारी रबरी पट्टी खालून वर गुंडाळत न्यावी, म्हणजे कौलांप्रमाणे वरचा थर खालच्यावर येतो आणि पाणी घसरून जाते. नेहमीची काळी चिकटपट्टी येथे उपयोगाची नाही. उन्हात तिचा गोंद वितळतो आणि पावसाळा येईपर्यंत ती सुटलेली असते.

बॉक्स नव्या जागी

बॉक्सला हवा लागेल अशी जागा निवडावी. बंद कपाट, टीव्हीच्या मागची अरुंद फट किंवा इन्व्हर्टरच्या डोक्यावरची फळी टाळावी, कारण उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर गेला, की बंदिस्त जागेतला बॉक्स अडकू लागतो. त्याच्यावर कापडी रुमालाचे झाकणही घालू नये.

आता क्रम पाळावा. प्रथम छत्रीची वायर बॉक्सला लावावी, मग एचडीएमआय किंवा तीन पिनांची वायर टीव्हीला, आणि सर्वांत शेवटी बॉक्सचा प्लग भिंतीत. टीव्हीच्या रिमोटने योग्य इनपुट निवडावे. बॉक्स सुरू व्हायला दोन-चार मिनिटे लागली तरी थांबावे. वाहिन्या पुन्हा शोधण्याची आज्ञा देण्याची घाई करू नये. वाहिन्यांची यादी बॉक्सच्या स्मृतीत असते आणि ती खोलीबरोबर बदलत नाही. उलट सिग्नल नसताना शोध सुरू केला, तर काही बॉक्स जुनी यादी पुसून टाकतात. पैसे भरलेला पॅकही बॉक्सशी आणि कार्डाशी बांधलेला असतो, भिंतीशी नव्हे. त्यामुळे घरातल्या घरात हलवल्याने तो बंद पडत नाही.

चित्र आले, की सिग्नलचे पान उघडून आधी लिहिलेल्या आकड्यांशी ताडून पाहावे. ताकद थोडी घटलेली असेल, तर तो लांबीचा परिणाम आहे. दर्जा मात्र जवळजवळ पूर्वीइतकाच असायला हवा. तो ठळकपणे उतरला असेल, तर आत्ता चित्र कितीही स्वच्छ दिसो, टोके पुन्हा सोलून कनेक्टर नव्याने बसवावेत. दर्जाच्या आकड्यात थोडा राखीव वाव उरला नाही, की जुलैतली पहिली जोरदार सर चित्र घेऊन जाते.

दोन्ही खोल्यांत टीव्ही हवा असेल तर

येथे बाजारात मिळणारा साधा स्प्लिटर, म्हणजे एका वायरीचे दोन फाटे करणारा तुकडा, लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. केबल टीव्हीचा स्प्लिटर १००० मेगाहर्ट्झच्या आसपास संपतो आणि डिशचा सिग्नल २१५० पर्यंत जातो, त्यामुळे तो निरुपयोगीच आहे. उपग्रहाच्या सिग्नलसाठी बनवलेला स्प्लिटर लावला, तरी अडचण उरते: एका खोलीतला बॉक्स १३ व्होल्ट पाठवत असेल आणि दुसरा १८, तर एलएनबी मोठ्या दाबाचे ऐकतो आणि पहिल्या खोलीतल्या वाहिन्या नाहीशा होतात. आजी आणि नातू यांच्यात रोज संध्याकाळी भांडण लावणारी ही जोडणी आहे.

योग्य उपाय म्हणजे दोन स्वतंत्र तोंडांचा ट्विन एलएनबी, दोन वायरी आणि दोन बॉक्स. पैसे भरण्याच्या सेवेत दुसऱ्या बॉक्ससाठी वेगळी वर्गणी असते, तिची चौकशी आधी करावी. फ्री डिशला मासिक वर्गणीच नसल्यामुळे वडीलधाऱ्यांच्या खोलीत तिचा एक बॉक्स लावणे हा स्वस्त मार्ग आहे. मात्र तिचा उपग्रह आणि मोठ्या टीव्हीच्या सेवेचा उपग्रह वेगळे असतील, तर त्या बॉक्ससाठी वेगळी छत्री लावावी लागते.

दोन्हीकडे एकच कार्यक्रम पाहायचा असेल, तर बॉक्स जुन्या जागीच ठेवून एचडीएमआयचा सिग्नल वाटता येतो. साधी एचडीएमआय वायर दहा मीटरपर्यंत बहुधा साथ देते; त्यापुढे नेटवर्कच्या कॅट-६ वायरीवरून सिग्नल नेणारी, दोन टोकांना लावायच्या उपकरणांची जोडी वापरावी, आणि तिच्यात रिमोटचे संकेत उलट पाठवण्याची सोय आहे ना हे पाहूनच घ्यावी, अन्यथा वाहिनी बदलायला उठून पहिल्या खोलीत जावे लागते. बिनतारी उपकरणेही मिळतात, पण दीड हात जाडीच्या जुन्या भिंतींपलीकडे त्यांचा भरवसा धरू नये.

छत्री हलवणे टाळता येत नसेल तर

शेजारी नवी इमारत उठली आणि आग्नेयेचे आकाश झाकले गेले, किंवा घरच बदलले, तर छत्री हलवावीच लागते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आधी हे पाहावे, की आपली बाल्कनी पूर्व किंवा दक्षिण दिशेला उघडते का. उत्तरेच्या किंवा पश्चिमेच्या बाल्कनीत कितीही प्रयत्न केला तरी उपग्रह दिसणार नाही आणि सोसायटीच्या गच्चीवरच जागा मागावी लागेल.

नव्या जागेवरून मार्ग मोकळा आहे का, हे पाहण्यासाठी सूर्याची मदत घेता येते. मार्चच्या १० तारखेच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्य इंदूरहून पाहता बरोबर या उपग्रहांच्या मागून जातो. फ्री डिशच्या उपग्रहासाठी ही वेळ सकाळी ११ च्या सुमारास येते. त्या वेळी छत्रीच्या नियोजित जागेवर ऊन पडत असेल, तर मार्ग मोकळा आहे. सूर्याकडे थेट पाहू नये, जमिनीवरच्या सावलीवरूनच ठरवावे. याच दिवसांत काही मिनिटे चित्र आपोआप तुटते, ते सूर्याच्या रेडिओ लहरींमुळे. तेव्हा नव्या वायरीवर संशय घेऊन ती उचकटू नये.

छत्रीचा खांब ओळंब्याने किंवा पाणसळीने अगदी सरळ उभा करावा, कारण तो तिरका असेल तर पुढचा एकही कोन खरा राहत नाही. घरगुती छत्र्या ऑफसेट प्रकारच्या असतात, म्हणजे त्या प्रत्यक्षात पाहतात त्याहून वीस-पंचवीस अंश खाली पाहत आहेत असे वाटते. म्हणून ५७ अंश उंचीच्या उपग्रहासाठी छत्रीचे तोंड उभ्या रेषेपासून सुमारे ३३ अंशच मागे झुकलेले दिसले, तर ते बरोबर समजावे. मोबाइलच्या होकायंत्रावर दिशा पाहताना लोखंडी खांबापासून चार पावले दूर उभे राहावे. मग छत्री एका वेळी बोटाच्या पेराहूनही कमी सरकवावी आणि प्रत्येक वेळी तीन-चार सेकंद थांबावे, कारण बॉक्सला दर्जाचा आकडा काढायला तेवढा वेळ लागतो. सर्वोच्च आकडा सापडला, की नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. एकच नट पूर्ण आवळल्यास छत्री फिरते.

अडचण आल्यास कोठे पाहावे

एकही वाहिनी येत नसेल आणि ताकदीची पट्टीही शून्यावर असेल, तर वीज एलएनबीपर्यंत पोहोचत नाही: कनेक्टरमधला जाळीचा तंतू किंवा आखूड राहिलेली मधली तार शोधावी. ताकद आहे पण दर्जा शून्य, असे असेल तर वायर ठीक आहे आणि काम करताना छत्री किंवा एलएनबी हलला आहे. वाहिन्यांचा एक गट येतो आणि दुसरा येत नाही, तेव्हा लांब वायरीत किंवा खराब जोडात १८ व्होल्टचा दाब घसरून एलएनबी त्याला १३ समजत असण्याचा संभव मोठा असतो. चित्र सकाळी ठीक आणि दुपारी बिघडलेले असेल, तर बॉक्सला हवा मिळते आहे का हे पाहावे. फक्त पावसानंतर, आभाळ मोकळे होऊनही, तासन्‌तास चित्र तुटत राहिले, तर एलएनबीकडचा कनेक्टर उघडावा. मधली तार हिरवी-काळी किंवा जाळीवर पांढरी भुकटी दिसली, तर पाणी आत गेले आहे. नुसते पुसून भागत नाही, कोरडी वायर लागेपर्यंत टोक कापत मागे यावे आणि नवा कनेक्टर बसवावा.

विजांच्या बाबतीत वेगळी खबरदारी हवी. छत्रीचा लोखंडी खांब जाड तांब्याच्या तारेने घराच्या अर्थिंगला जोडून घ्यावा आणि हे काम जाणत्या वायरमनकडूनच करवावे. त्यानेही थेट पडलेल्या विजेपासून बॉक्स वाचेल असे नाही. जूनमध्ये वादळी ढग जमू लागले, की गडगडाट सुरू होण्याआधीच बॉक्सचा प्लग आणि छत्रीची वायर दोन्ही काढून ठेवावीत. गडगडाट सुरू झालेला असेल, तर मात्र त्या वायरीला हात लावू नये; वादळ पूर्ण निघून गेल्यावर आधी वायर, मग प्लग या क्रमाने जोडणी परत करावी.